नाताळची सुट्टी, घरभर पाहुणे आणि थर्टी फर्स्टचे फटाके : कुत्र्याला कसं सांभाळायचं?

प्रश्न असा आहे : ‘आमचा सिंबा सात वर्षांचा लॅब्राडोर, वजन 38 किलो. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. यंदा दिवाळीत पहिल्यांदाच तो फटाक्यांना इतका घाबरला की दोन दिवस पलंगाखालून निघेना, शू करायलाही खाली उतरेना. नाताळच्या सुट्टीत नणंद तिच्या दोन मुलांना (वय 4 आणि 9) घेऊन आठवडाभर राहायला येतेय. मधे एक रात्र जुन्नरजवळ ओळखीच्यांच्या शेतावर हुरड्याला जायचंय. थर्टी फर्स्टला सोसायटीत कार्यक्रम आहे. त्याला झोपेची गोळी द्यावी का? बाकी काय काळजी घ्यावी?’

ताई, गोळीबद्दल पुढे सविस्तर लिहितोच, पण तुमच्या प्रश्नात माझं लक्ष आधी ‘यंदा पहिल्यांदाच’ या शब्दांकडे गेलं. आवाजाची भीती कुत्र्यांमध्ये बहुधा लहान वयात दिसते. पहिल्या-दुसऱ्या दिवाळीतच घरच्यांना कळून चुकतं की आपल्याकडचा गडी फटाक्यांना घाबरतो. इतकी वर्षं निवांत असलेला कुत्रा सातव्या वर्षी अचानक पलंगाखाली शिरतो, तेव्हा मी आधी त्याचे सांधे तपासतो.

त्यामागचं कारण सरळ आहे. सुतळी बॉम्ब फुटला की कुत्र्याचं सगळं अंग एकदम ताठ होतं. खुबा किंवा कोपर आधीच दुखत असेल, तर त्याच क्षणी तिथे कळ जाते. असं चार-सहा वेळा झालं की आवाज आणि दुखणं यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या आणि ब्राझीलमधल्या पशुवैद्यांनी 2018 मध्ये अशा कुत्र्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आवाजाच्या भीतीबरोबर स्नायूंचं किंवा सांध्यांचं दुखणंही होतं, त्यांची भीती इतरांपेक्षा सरासरी सुमारे चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती. दुखण्यावर उपचार केल्यावर त्यातल्या बहुतेकांची भीतीही कमी झाली. लॅब्राडोरमध्ये खुब्याचे आणि कोपराचे दोष मुळातच जास्त. त्यात 38 किलो वजन. म्हणून सिंबाच्या बाबतीत मला ही शंका अगदी रास्त वाटते.

घरी तुम्ही एक गोष्ट बघा. सकाळी तो उठतो कसा? पुढचे पाय ताणून सरळ उभा राहतो, की आधी पुढचा भाग उचलून क्षणभर थांबतो आणि मग मागचं अंग ओढून घेतो? पहिली दहा-बारा पावलं आखडून टाकतो का? गाडीत उडी मारायच्या आधी थांबून तुमच्याकडे बघतो का? बसताना धपकन बसतो का? पुढच्या पायाची एकच जागा सारखी चाटतो का? ही सगळी दुखण्याची भाषा आहे, कारण असं जुनं दुखणं घेऊन कुत्रं सहसा केकाटत नाही. आपल्याला वाटतं, वय झालं, सुस्तावला. थंडीत हे आखडणं आणखी वाढतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं पहाटेचं तापमान 10 अंशांच्या आसपास येतं आणि आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्स गारही असतात, निसरड्याही. तेव्हा 20 डिसेंबरच्या आत तुमच्या नेहमीच्या पशुवैद्यांकडे जा, सांधे तपासून घ्या, गरज वाटली तर एक्स-रे काढा. दुखणं सापडलं तर त्याची औषधं पाहुणे यायच्या आधीच सुरू होतील. घरातल्या डब्यातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड बिघडतं. पॅरासिटामॉलही आपल्या हिशेबानं दिलं तर यकृताला महागात पडतं.

आता मूळ मुद्दा. बहुतेक घरांत सगळी तयारी 31 तारखेच्या रात्री बाराची असते आणि त्याआधीचे सात दिवस कुत्र्याच्या वाट्याला काय आलं हे कुणी मोजत नाही. पाहुणे आले, त्याची झोपायची जागा गेली, फिरायची वेळ साडेसहावरून नऊवर गेली, दुपारची झोप मुलांच्या दंग्यात गेली, पोट बिघडलं, एक रात्र अनोळखी शेतावर काढली. या प्रत्येक गोष्टीचा ताण थोडाच असतो, पण एक उतरायच्या आत दुसरा चढतो. गॅसवरचं दूध शेवटच्या क्षणी उतू जातं, तापत मात्र ते आधीपासून असतं, तसंच हे. बाराच्या फटाक्यांवर तुमचा ताबा नाही. आधीच्या आठवड्यावर आहे. म्हणून माझं सगळं उत्तर त्या आठवड्याभोवती फिरणार आहे.

सुट्टी आपल्याला असते, कुत्र्याला नको असते. त्याची फिरण्याची, जेवणाची आणि झोपेची वेळ रोजच्या घड्याळाला बांधून ठेवा. रात्री गप्पा मारत दोनपर्यंत जागलात तरी सकाळी साडेसहाला कुणीतरी एकानं उठायचं, हे पाहुणे यायच्या आधीच ठरवा. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपून किंवा लोळून काढतो. ही झोप तुटली की तो चिडचिडा होतो, आणि घरच्यांना वाटतं की पाहुण्यांवर जळतो.

त्यासाठी त्याला एक जागा लागेल, जिथे पाहुण्यांनी जायचं नाही. तुमच्या घरात आतली बेडरूम असेल तर उत्तम. 18-19 तारखेपासूनच त्याचं अंथरूण तिथे टाका, रोज एकदा जेवण तिथे द्या, दार अर्धवट लोटून तुम्ही पाच-दहा मिनिटं बाहेर बसा. पाहुणे दारात उभे असताना पहिल्यांदाच त्याला खोलीत ढकललंत तर ती खोली त्याला शिक्षा वाटेल. आधी सवय झाली तर तो स्वतःहून तिथे जाऊन पडेल. हीच खोली 31च्या रात्रीही उपयोगी पडणार आहे.

मुलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सुट्टीच्या दिवसांत चावण्याची जी प्रकरणं माझ्याकडे येतात, त्यांत अनोळखी कुत्रा क्वचितच असतो. घरचाच असतो, चांगला असतो आणि ‘याआधी कधीच कुणाला काही केलं नाही’ असाच असतो. चार वर्षांचं मूल कुत्र्यावर प्रेम दाखवतं ते गळ्यात हात टाकून. त्या क्षणी मुलाकडे न बघता सिंबाच्या तोंडाकडे बघा. आधी उघडं असलेलं तोंड मिटतं. तो मान दुसरीकडे वळवतो, पण डोळे मुलावरच राहतात, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. जीभ नाकावरून झटकन फिरते. कधी झोप आलेली नसताना मोठी जांभई येते. घरचे म्हणतात, ‘बघ, किती शांत बसलाय, फोटो काढ.’ प्रत्यक्षात तो शांत बसलेला नसतो, गोठलेला असतो. याच्या पुढची पायरी गुरगुरण्याची. गुरगुरला म्हणून त्याला रागावू नका, कारण गुरगुरणं ही त्यानं दिलेली सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. तेवढ्यावर मुलाला शांतपणे बाजूला घ्या आणि सिंबाला त्याच्या खोलीत जाऊ द्या. त्याचे सांधे दुखत असतील तर अंगावर लोळणारं मूल त्याला आणखी असह्य होणार, हेही लक्षात असू द्या.

नऊ वर्षांच्या भाच्याला किंवा भाचीला काम द्या. रोज पाण्याचं भांडं भरणं, ‘बस’ म्हणून हातातला खाऊ जमिनीवर टाकणं, फिरायला जाताना बरोबर येणं. चार वर्षांच्या मुलासाठी नियम एकच : सिंबा झोपला असेल किंवा खात असेल तर त्याच्याजवळ जायचं नाही. आणि मोठं माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र ठेवायचं नाही, मग कुत्रा कितीही गरीब असो. तरीही दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. सिंबाची रेबीजची लस झालेली असली तरी पुढे काय करायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्याचं लसीकरणाचं कार्ड हाताशी ठेवा, आणि लसीची तारीख उलटली असेल तर याच महिन्यात देऊन घ्या.

खाण्याकडे येतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात सगळ्यात जास्त गर्दी पोटाच्या तक्रारींची असते, आणि बहुतेक वेळा खायला घालणारा हात पाहुण्यांचा असतो.

नाताळच्या प्लम केकमध्ये कुत्र्यासाठी सगळ्यात वाईट काय असेल तर मनुका आणि बेदाणे. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. याला सुरक्षित मात्रा अशी नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन काही होत नाही, दुसरा मोजक्या मनुकांवर अत्यवस्थ होतो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं, असं गेल्या काही वर्षांत पुढे आलं आहे. हे आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चिंचेची चटणी आणि कोळही त्याच्यापासून दूर ठेवा. नाशिक-सांगलीची द्राक्षं याच दिवसांत घरात यायला लागतात. मुलं घरभर खात फिरतात, दोन-चार सोफ्याखाली घरंगळतात आणि लॅब्राडोरला ती तुमच्या आधी सापडतात. खाल्ल्यावर पहिल्या दिवसात उलट्या, मग मरगळ, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी किंवा बंद. लघवी बंद झाल्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं. खाल्ल्याचं कळल्यावर तासा-दोन तासांत आणलं तर इंजेक्शन देऊन उलटी करवता येते, म्हणून ‘बघू, सकाळपर्यंत काही होतंय का’ असं करू नका.

चॉकलेटचा हिशेब वजनावर आणि चॉकलेटच्या रंगावर असतो. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅमपासून अस्वस्थता, उलट्या, जुलाब सुरू होतात, 40-50 ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60 च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅमला सुमारे 2 मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये त्याच्या कित्येक पट, आणि कोको पावडरमध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे सिंबानं दुधाच्या चॉकलेटचे दोन तुकडे खाल्ले तर घाबरून जाऊ नका. पण शेजारच्या चार किलोच्या पॉमेरेनियनला 40 ग्रॅमची एक वडी त्रास द्यायला पुरते, आणि डार्क चॉकलेटची तर त्याहून कितीतरी लहान.

झायलिटॉल हे नाव अजून फार घरांत माहीत नाही. काही शुगरफ्री च्युइंग गममध्ये, गोळ्यांमध्ये, माउथवॉशमध्ये साखरेऐवजी ही गोड पूड असते. माणसाला चालते, कुत्र्याची रक्तशर्करा मात्र अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येते. तो झोकांड्या खातो, कोसळतो, झटके येतात. दहा किलोच्या कुत्र्याला 1 ग्रॅम पुरे होतं. त्याहून जास्त गेलं तर यकृतही जातं. पाहुण्यांच्या पर्स आणि मुलांच्या सॅका जमिनीवर नकोत, हुकाला लटकवा.

मटणाचा रस्सा आणि हाडं यावर घरोघरी वाद होतो, ‘आमच्या गावाकडचे कुत्रे आयुष्यभर खातात’ असं आजोबा सांगतात. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या घशात, आतड्यात अडकतात. असे कुत्रे मी दर हिवाळ्यात बघतो. रश्श्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो. तो परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर पार्टीत काय खाल्लं होतं हे कुणाच्या लक्षात नसतं. राहता राहिली चरबी. मटणाची चरबी, तळण, तुपातली मिठाई एकदम पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा सारखा ओकतो, आणि पुढचे पाय जमिनीवर टेकवून मागचं अंग वर ठेवतो, नमस्कार घातल्यासारखा. तसं उभं राहणं दिसलं तर घरी ओवा-हिंग करत बसू नका, दवाखाना गाठा.

एक व्यवहारी तोडगा सांगतो. पाहुण्यांना ‘देऊ नका’ म्हणून उपयोग नसतो, त्यांना द्यायचंच असतं. म्हणून रोज सकाळी सिंबाच्या स्वतःच्या जेवणातला चौथा हिस्सा एका डब्यात काढा. त्यात उकडलेल्या गाजराचे तुकडे, बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाका आणि डबा दारापाशी ठेवा. ज्याला लाड करायचेत त्यानं त्यातूनच करावेत. डबा संपला की त्या दिवसाचे लाड संपले. वजनही आटोक्यात राहतं. 38 किलो मला जास्तच वाटतं. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या सहज लागल्या पाहिजेत, न लागल्या तर सुट्टीनंतर त्यावर बोलूच.

आणि काही विषारी खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. त्यानं रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो, झटके येऊ शकतात. फोन करा, काय खाल्लं, किती, किती वाजता हे सांगा, वेष्टन बरोबर आणा.

जुन्नरच्या शेताचं काय? खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या बेतातला हा भाग मला सर्वांत कमी पसंत आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा उसाचा पट्टा बिबट्यांचा आहे आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. शेजारच्या अकोले भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. 38 किलोचा लॅब्राडोर बिबट्याला अवजड नाही. न्यायचंच असेल तर दिवे लागणीच्या आत सिंबा पक्क्या भिंतींच्या खोलीत, दार लावून. ओसरीवर बांधून ठेवायचा नाही, रात्री शू करायला दोघांनी बॅटरी घेऊन, पट्टा हातात धरून, अंगणातच न्यायचं. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही.

तिथल्या बाकीच्या गोष्टी दिवसाच्या आहेत. विहिरीला कठडा आहे का ते पोचल्यावर आधी बघा. हुरड्याबरोबर मक्याची कणसं भाजतात. दाणे खाऊन टाकलेलं बुरकुंड लॅब्राडोर अख्खं गिळतो आणि ते आतड्यात बसतं, शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. ती टाकायला झाकणाची बादली ठेवा. या दिवसांत गवत वाळलेलं असतं, त्याची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. कुसळ कानात गेलं की कुत्रा एकदम डोकं झटकायला लागतो, मान एका बाजूला कलती ठेवतो. घरात घ्यायच्या आधी चारही पंजे बोटं फाकवून बघा, कान उलटून बघा. त्याच वेळी गोचिडंही शोधा. थंडीत गोचिडं नसतात असं समजून पुष्कळ लोक ऑक्टोबरनंतर औषध बंद करतात. आपल्याकडची तपकिरी गोचीड बाराही महिने असते आणि गोचीडताप आम्ही जानेवारीतही बघतो.

तुमच्या जागी मी असतो तर त्या एका रात्री सिंबाला पुण्यातच, त्याच्या ओळखीच्या माणसाबरोबर, त्याच्याच घरात ठेवलं असतं. बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल तर केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस निदान आठ-दहा दिवस आधी झालेली हवी, आणि जागा दिवसा स्वतः जाऊन बघा. एका हवेत पंधरा कुत्री भुंकत असतात तिथे खोकला पसरायला वेळ लागत नाही.

(या सुट्टीत कुत्र्याला कोकणात नेणाऱ्यांसाठी एवढंच : समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, गोडं पाणी बरोबर ठेवा, आणि किनाऱ्यावर पडलेला फुगीर केंड मासा त्यानं तोंडात धरला तर लगेच काढा. त्यातलं विष श्वास बंद पाडतं आणि त्यावर उतारा नाही.)

थंडीचं थोडक्यात. खाली गार टाइल नको, दोन गोधड्या किंवा जाड गादी हवी, आणि अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी, म्हणजे पाय घसरणार नाहीत. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, दुपारी, आणि केसांच्या मुळापर्यंत कोरडं करून. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका, म्हाताऱ्या कुत्र्यांना त्यानं भाजतं. स्वेटर छोट्या, कमी केसांच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना द्या. लॅब्राडोरच्या अंगावर दुहेरी केस असतात, त्याला पुण्याच्या थंडीत गरज नसते. थंडीत कुत्री पाणी कमी पितात, म्हणून जेवणात कोमट पाणी घाला.

आता 31 डिसेंबर. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2018 च्या आदेशात नाताळ आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांना 11.55 ते 12.30 एवढीच वेळ दिलेली आहे. प्रत्यक्षात दहापासून सुटे आवाज सुरू होतात आणि एक-दीडपर्यंत रेंगाळतात, पण मुख्य भडिमार कधी होणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. दिवाळीत ही सोय नसते. सोसायटीच्या समितीला आताच भेटा. फटाके तुमच्या इमारतीच्या पायथ्याशी न उडवता मैदानाच्या टोकाला उडवा आणि त्या आदेशातली वेळ पाळा, एवढीच विनंती करा. तुमच्याच सोसायटीत आजारी माणसं आणि तान्ही बाळंही असतील, त्यांच्या घरच्यांना बरोबर घ्या.

त्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा थोडं जास्त फिरवा, हुंगू द्या, घाई करू नका. संध्याकाळचं फिरणं साडेसहाच्या आत उरका. जेवण सातला. शेवटची शू साडेनऊच्या आत, तीही गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही लावून. घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून पट्ट्यातून निसटतो, आणि एक जानेवारीच्या सकाळी हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो घेऊन फिरणारी माणसं मी दर वर्षी बघतो. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर असू द्या, कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर त्यावर नोंदवलेला नंबर चालू आहे ना, हे तपासा.

दहा वाजता आतल्या खोलीच्या खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, दिवा चालू, म्हणजे बाहेरची चमक आत जाणवत नाही. पंखा किंवा टीव्ही नेहमीच्या आवाजात. घरातलं एक माणूस त्याच्याबरोबर राहील, पार्टीला आळीपाळीनं जा. तो बाथरूममध्ये किंवा पलंगाखाली जाऊ लागला तर ओढून काढू नका. तिथे आवाज कमी येतो म्हणूनच त्यानं ती जागा निवडलेली असते. गोधडी तिथे सरकवा. जवळ आला तर कुरवाळा. ‘कुरवाळलं की भीती वाढते’ हा समज चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, बक्षीस मिळालं म्हणून ती वाढत नाही. तुम्ही मात्र घाबरून सारखं ‘अरे बापरे, सिंबा, सिंबा’ करू नका, नेहमीच्या आवाजात बोला. प्रत्येक धडाक्यानंतर लगेच चिकनचा एक तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा : आधी आवाज, मग खाऊ. लॅब्राडोरनं चिकन नाकारलं तर समजा की तो सोसण्याच्या पलीकडे गेला आहे आणि त्याला नुसत्या खाऊनं भागणार नाही.

इथे तुमच्या गोळीचा प्रश्न येतो. दिवाळीत दोन दिवस पलंगाखाली राहून लघवी धरून ठेवणाऱ्या कुत्र्याला औषध द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला तसंच सोसायला लावणं बरं नाही, कारण प्रत्येक असा प्रसंग पुढची भीती वाढवतो. पण ते झोपेचं औषध नको, भीती कमी करणारं हवं. पूर्वी सर्रास दिली जाणारी एसिप्रोमॅझिनची गोळी कुत्र्याला लोळवते, पण त्याला आवाज ऐकू येतच राहतो आणि भीतीही तशीच राहते, फक्त पळता येत नाही. एकटी ती गोळी अशा भीतीसाठी देऊ नये. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं एकेकटी किंवा मिळून वापरली जातात. मात्रा वजन, मूत्रपिंड, हृदय आणि चालू औषधं बघून तुमचे पशुवैद्यच ठरवतील, आणि सांध्यांची औषधं सुरू झाली असतील तर ती त्यांना आठवणीनं सांगा. 22-23 तारखेच्या एखाद्या शांत दुपारी त्याच मात्रेची चाचणी घ्या. क्वचित एखादा कुत्रा त्यानं शांत होण्याऐवजी सैरभैर होतो, ते 31ला रात्री बाराला कळून उपयोग नाही. आणि औषध पहिल्या फटाक्याच्या दीड-दोन तास आधी पोटात जायला हवं, म्हणजे त्या रात्री साधारण साडेआठला. थरथर सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा गुण येत नाही.

28 तारखेला आणखी एक फोन करा. जवळचा रात्रभर चालणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता आणि 31च्या रात्री तिथे डॉक्टर खरंच असणार आहेत का, हे विचारा. सुट्टीत पाट्यांवरच्या वेळा खऱ्या नसतात. पोट ढोलासारखं फुगलंय आणि कुत्रा ओकायला बघतोय पण काही पडत नाही, अशी अवस्था मोठ्या छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडल्याची असू शकते. त्यात तास-तास मोजायचे असतात, सकाळची वाट बघायची नसते. झटके, कोसळणं, फिक्या हिरड्या, चोवीस तास लघवी नाही, यांनाही तेच लागू. ताप मोजायचा तर गुदद्वारातून, आणि 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान आहे. नाक गरम लागलं म्हणजे ताप, असं नसतं.

एक तारखेला सकाळी त्याला सोसायटीच्या मैदानात मोकळा सोडू नका. न फुटलेले फटाके, फुटलेल्या बाटल्या आणि टाकलेली हाडं गोळा व्हायला दुपार होते. आणि पाहुणे गेले की दोन-तीन दिवस त्याला नुसतं झोपू द्या.

मग जानेवारीच्या मध्यापासून खरं काम सुरू करता येईल. फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर अगदी हळू लावायचं, इतकं की सिंबा कान हलवेल पण उठणार नाही, आणि ते चालू असेपर्यंत त्याला त्याचा आवडता खाऊ द्यायचा. पाच मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. आवाज वाढवायचा तो आठवड्यागणिक, तसूभर. त्यानं खाणं थांबवलं की एक पायरी मागे. दिवाळीपर्यंत नऊ महिने हातात असतात. सांध्यांचा निकाल काय लागला ते मात्र त्याआधी कळवा, कारण दुखत असताना हा सराव करून काही साधणार नाही.